दुसरं टोक नसलेली तार

पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत ताईसाठी गोडा मसाला, मेतकूट आणि माझा मोटार चालवण्याचा परवाना एवढ्याच महत्त्वाच्या वस्तू होत्या. जबलपूरला मी पूर्वीही गेले होते, पण पाहुणी म्हणून. या वेळी ड्रायव्हर म्हणून चालले होते. ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, मागच्या हिवाळ्यात गेले. त्यांची पांढरी मोटार तेव्हापासून अंगणात उभी होती. त्यांच्या मुलीला, मीनलला, नागपुरात सातवा महिना लागला होता. तेव्हा मी जबलपूरला जायचं, ताईला गाडीत घालायचं आणि दोघींनी नागपूर गाठायचं असं ठरलं. ताई बाळंतपणापर्यंत तिथे राहणार, गाडी कायमची मीनलकडे. फोनवर हे सगळं झटक्यात ठरलं. फोनवर ठरवण्याचा फायदा हा, की ठरवताना कोणी गाडीखाली वाकून बघत नाही.

सकाळी स्टेशनाबाहेर पडले तेव्हा थंडी अजून जमिनीवरून उठली नव्हती. जबलपूर हे तोफांचं गाव आहे. चौकाचौकात चौथऱ्यावर एखादी तोफ नाहीतर रणगाडा, त्याला ताजा रंग, खाली संगमरवरी पाटी, आणि पाटीवर तोफेपेक्षा तिचं अनावरण करणाऱ्याचं नाव ठळक. शत्रूनं घाबरावं म्हणून बनवलेल्या नळीवर पारवे बसलेले पाहिले की मला जगाबद्दल थोडं बरं वाटतं. रिक्षावाल्यानं मला त्यातली एक तोफ अभिमानानं दाखवली. ही कुठल्या लढाईतली, असं मी विचारल्यावर तो म्हणाला, "लड़ाई का पता नहीं दीदी, चौराहे की है."

रांझी या कारखान्याजवळच्या उपनगरात ताई घराच्या फाटकाशीच उभी होती.

"ये बेबी. काहून (का म्हणून) इतकी वाळली तू?"

मी बासष्ट वर्षांची आहे. मला बेबी म्हणणारं आता एकच माणूस उरलं आहे.

ताई साताऱ्याहून लग्न होऊन इथे आली त्याला चाळीस वर्षं उलटून गेली. सासरच्यांमुळे तिच्या मराठीला तेव्हाच वऱ्हाडी वळण लागलं, आणि पुढे हिंदी तिच्यात दुधातल्या साखरेसारखी विरघळली. मीनलला सगळं मराठी समजतं. उत्तर मात्र ती हिंदीत देते. भाऊजी इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात फोरमन होते. इथल्या मराठी घरांमध्ये दोन प्रकारची माणसं: एक नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत आलेल्यांचे वंशज, जे ते विसरू देत नाहीत; आणि दुसरी कारखान्यात लागलेली, जी काय काम करतात ते सांगत नाहीत. भाऊजी दुसऱ्या प्रकारचे होते.

पोहे आणि त्याबरोबर गरम जलेबी (इथे हे एका बशीत खातात, आणि पहिल्या घासानंतर आपलाही आक्षेप उरत नाही) झाल्यावर मी गाडीवरची ताडपत्री काढली. बॅटरी बसली होती, ती शेजाऱ्यांच्या गाडीवरून चालू करून घेतली. चाकांत हवा भरली. इंजिनानं दोनदा खोकून तिसऱ्यांदा होकार दिला. मी खुशीत ताईला म्हटलं, उद्या पहाटे निघू.

"मी नाही बसणार त्यात," ताई म्हणाली. "आणि मीनलला पण नाही द्यायची."

मग तिनं मला गाडीच्या मागे नेलं आणि बोट दाखवलं. मागच्या बंपरखाली, डाव्या अंगाला, बोटाएवढ्या जाडीची एक तार लोंबत होती. बारीक तांब्याच्या तारांची घट्ट वेणी घालावी तशी. जमिनीच्या वर वीतभर ती तुटलेली होती, आणि तुटलेल्या टोकाचे धागे पिंजारलेले होते.

ही कशाची, असं मी विचारलं. ताईला माहीत नव्हतं. गाडी घेतली त्याच आठवड्यात भाऊजींनी ती लावली होती. झिजली की रविवारी गाडीखाली निजून ते स्वतः नवी घालायचे. ताईला त्यांनी एवढंच सांगितलं होतं: ही तुटलेली दिसली तर गाडीत बसू नकोस, आधी मला सांग. ते गेले तेव्हा तेराव्यापर्यंतच्या धावपळीत कोणी ना कोणी गाडी नेत होतं. त्यात केव्हातरी ती तुटली.

"पण कशासाठी आहे ते विचारलं नाहीस?"

"आमच्याकडे डब्यात काय देऊ ते विचारतात. बाकी काही विचारत नाहीत."

ही कारखान्याची रीत. नवरा सकाळी जातो, संध्याकाळी येतो, मधे काय केलं हे बायकोनं विचारायचं नाही. ती रीत मग घरातल्या कपाटापर्यंत, गाडीपर्यंत पोचते. पण ताईनं मनाशी उत्तर तयार केलेलं होतं. कारखान्याच्या ट्रकांना मागे अशाच साखळ्या लोंबताना तिनं पाहिल्या होत्या. त्या नसल्या तर आतला माल उडतो, हे रांझीतलं पोरही सांगेल. तेव्हा ही तार तुटली की गाडी उडते, असं ताईनं वीस वर्षं धरलेलं होतं.

"म्हणजे वीस वर्षं तू बॉम्बवर बसून भाजी आणायला जात होतीस?"

"ते चालवून राहिले होते ना," ताई म्हणाली. त्यात तिला समजावण्यासारखं काही वाटलं नाही.

मी तिला पेट्रोल, टाकी, इंजिन असं पुष्कळ समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मीनलच्या पोटात बाळ आहे, तुझ्या बोलण्यावर मी तिला त्यात बसवू काय? तार कशाची हे कोणीतरी खात्रीनं सांगेपर्यंत गाडी रांझीतून हलणार नव्हती, आणि गाडीशिवाय ताईही हलायला तयार नव्हती. त्यांची गाडी उन्हातान्हात एकटी सोडून जायची नाही, एवढंच ती धरून बसली होती.

दुपारी मी एकटीच गाडी घेऊन शहरात निघाले. आरशात पाहिलं तर ताई रिक्षात बसून मागे येत होती, सुरक्षित अंतर ठेवून. मी थांबले की रिक्षा थांबे. बहिणीला बॉम्बवर एकटं पाठवायचं तिच्या मनाला पटेना, आणि सोबत बसणंही पटेना.

पहिला थांबा काचेच्या दरवाज्यांच्या एका दुकानात. दुकानानं स्वतःला गाड्यांचं इस्पितळ म्हणवलं होतं. मालकाच्या अंगावर डॉक्टरचा पांढरा कोट होता आणि गाडीला तो "पेशंट" म्हणत होता. पेशंटकडे पाच पावलांवरून पाहून त्यानं निदान केलं की ही मागच्या कॅमेऱ्याची वायर. गाडीला कॅमेरा कधीच नव्हता, असं मी सांगितलं. मग तो म्हणाला, म्हणजे बसवायचा राहिला असेल, आपण बसवू. त्याच्या साहाय्यकाच्या मते ती रेडिओची एरियल होती. शेजारच्या दुकानातून आलेल्या एका गृहस्थांनी ती नजर लागू नये म्हणून असते असं सांगितलं, आणि तिघांत मला तेच त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटले.

रस्त्यापलीकडे ताई रिक्षातून उतरून भिंतीला धरून उभी होती. चेहरा पांढराफटक. मी धावले. काही नाही, म्हणाली, रिक्षात मळमळतं. पदराच्या टोकाला लिंबू बांधलेलं होतं, ते तिनं नाकाशी धरलं.

साताऱ्याला असताना ताईला कुठलंही वाहन लागायचं. महाबळेश्वरला जाताना आई तिच्यासाठी वेगळा टॉवेल घेत असे. मी म्हटलं, अजून गाडी लागते तुला?

"आपल्या गाडीत नाही लागत. नर्मदेचं पाणी मानवलं मला."

पाण्याला मानवायला वीस वर्षं लागली, रिक्षात मात्र त्याचा अंमल चालत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण माझं लक्ष तारेत गुंतलं होतं.

गोहलपुरात सलीमभाईंचं गॅरेज आहे. तिथे कोट नव्हता. सलीमभाई गाडीखाली गेले, बराच वेळ खालून त्यांचं गुणगुणणं ऐकू आलं, मग बाहेर येऊन त्यांनी हात पुसले. एक टोक गाडीच्या सांगाड्याला नटबोल्टनं पक्कं केलेलं आहे, म्हणाले, फार सफाईचं काम आहे. आणि दुसरं टोक?

"मैडम, दूसरा सिरा कहीं जाता ही नहीं. सड़क पे लटकता था बस. फ़ालतू चीज़ है, काट दूँ?"

मी जवळजवळ हो म्हणणार होते. पलीकडे रिक्षाच्या दांड्याला धरून ताई माझ्याकडे बघत होती. नको, म्हटलं.

संध्याकाळी ताई म्हणाली, चलो, निदान फिरून तरी येऊ. बड्या फुहाऱ्यापाशी (बाजारातल्या मोठ्या कारंज्यापाशी) खव्याची जलेबी खाल्ली. ही रंगानं काळपट, दिसायला जळक्या दोरीसारखी, आणि चवीला अशी की दिसण्याबद्दल आपण लगेच माफी मागतो. तिथून ग्वारीघाटावर. माझ्या आठवणीत इथे एक म्हातारे गुरुजी खोकत खोकत नर्मदेची आरती करायचे. आता उंच चौथरे आहेत, एकसारखे रेशमी कपडे घातलेले तरुण पुजारी आहेत, आणि कर्णे असे की पलीकडच्या तीरावरचे देवही उठून बसावेत. ओवाळण्याआधी दोन पाहुण्यांचा शाल देऊन सत्कार झाला. नदी तेवढा वेळ थांबली.

ताई मला गर्दीतून बाजूला घेऊन शेवटच्या पायऱ्यांवर गेली. भाऊजींच्या अस्थी तिथूनच सोडल्या होत्या. फुलवालीकडून तिनं दोना (पानाचा द्रोण, त्यात फुलं आणि वात) घेतला, पेटवला आणि पाण्यावर ठेवला. तो बराच वेळ पायरीशीच घुटमळला. एका नावाड्यानं वल्ह्यानं हलकेच पुढे ढकलला.

"रोज वाटतं बेबी," ताई म्हणाली, "कारखान्यातलं नाही विचारलं, ठीक आहे. पण तार विचारायला काय जात होतं? ते माझ्यासमोर गाडीखाली निजून राहिले होते, मी वरून पाना देऊन राहिली होती. एवढंच विचारायचं होतं, अहो, हे काय करता?"

कर्ण्यावरून कोणातरी आमदारांचं स्वागत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिवारीजींकडे गेलो. ते भाऊजींच्याच विभागात होते, मागच्या गल्लीत राहतात. खरं तर त्यांच्याकडे आधी जायला हवं होतं, पण ताई म्हणाली होती, ते काही सांगणार नाहीत. ते खरं निघालं. निवृत्तीला बारा वर्षं झाली तरी तिवारीजींनी माझा प्रश्न ऐकून आधी खिडकी लावली. मग म्हणाले, विभागातल्या गोष्टी बाहेर सांगायची मनाई आहे. मी त्यांना म्हटलं, मला विभागाचं काही नको, एका घरगुती मोटारीबद्दल बोलते आहे, जिच्यातून आजवर फक्त भाजी आणि नातेवाईक वाहिले गेले. त्यांनी चहा मागवला. विचार केला. मग हळूहळू बोलले.

त्यांच्या कामाच्या खोल्यांच्या दाराशी तांब्याचा एक पत्रा ठोकलेला असे. आत जाण्याआधी प्रत्येकानं त्यावर तळहात टेकवायचा. अंगात साठलेली वीज त्यातून जमिनीत जाते. ती तशीच घेऊन आत गेलं आणि एक ठिणगी उडाली, तर पुढचं सांगायला कोणी उरत नाही. ट्रॉल्यांनाही तांब्याच्या वेण्या लावलेल्या असत, जमिनीला टेकलेल्या. इतकी वर्षं झाली तरी, तिवारीजी म्हणाले, स्वतःच्या घरात शिरताना त्यांचा हात चौकटीकडे जातो.

"आमचे हे पण हात लावायचे," ताई एकदम म्हणाली. "मी समजत होती, उंबऱ्याला नमस्कार करून राहिले."

मी ते हिंदीत सांगितल्यावर तिवारीजी हसले. मग त्यांना भाऊजींच्या गाडीवरून आठवलं. गाडी नवीन होती तेव्हा दोन कुटुंबं मिळून बरगी धरणावर गेली होती, पहिलीच सहल. भाऊजी चालवत होते. रस्ता रिकामा आणि गाडी बैलाच्या चालीनं. तिवारीजी मागून कुरकुर करत राहिले, आणि भाऊजींचं एकच उत्तर: वेग वाढवला की वाऱ्यानं तार जमिनीवरून उठते.

"मैंने कहा, उठने दो यार, इसमें बारूद थोड़ी भरा है. बोला, नहीं, अर्थ (अर्थिंग, जमिनीशी जोड) नहीं छूटना चाहिए. भाभीजी, दो घंटे लगाए उसने. आलू की सब्ज़ी तक ख़राब हो गई."

ताईचा कप अर्ध्या वाटेत थांबला होता.

"त्या दिवशी मला उलटी झाली नाही," ती म्हणाली.

तिवारीजींना मराठी कळलं नाही. मला कळलं, पण अजून पुरतं नाही. ताई माझ्याकडे वळून सांगू लागली. गाडी घ्यायची ठरली तेव्हा ती भाऊजींना म्हणाली होती, काहून घेता, मी तर बसू शकणार नाही. त्यांनी तेव्हा तिला बारीकसारीक विचारलं होतं, मळमळ कधी सुरू होते, कुठून चढते, हाताला मुंग्या येतात का. ती म्हणाली होती, अंगात काहीतरी साठत जातं तसं वाटतं.

तिचं हे बोलणं मी तिवारीजींना हिंदीत सांगितलं. ते म्हणाले, त्या दिवसांत पेट्रोल पंपावर रबराच्या पट्ट्या मिळायच्या, वर विजेचं चित्र काढलेल्या, गाडीच्या मागे लावा म्हणजे उलटी होत नाही असं सांगून विकायचे. भाऊजी त्याला हसले होते. रबरानं काय होणार, तांबं पाहिजे, म्हणाले होते.

मी तशी कशावर चटकन विश्वास ठेवणारी नाही. पोटातली मळमळ तारेनं जमिनीत उतरत नाही, हे मला नक्की माहीत आहे. पण आयुष्यभर स्फोटांच्या शेजारी काम केलेल्या त्या माणसाला अंगात साठणाऱ्या गोष्टीवर दुसरा कुठला उपाय माहीत असणार? बायकोला सांगायचा प्रश्न नव्हता. दाराचा पत्रा कशासाठी हे तरी त्यांनी कुठे सांगितलं होतं?

ताईनं कप खाली ठेवला. म्हणाली, आज नवी लावून घे.

सलीमभाईंनी जुनीसारखीच तांब्याची वेणी मिळवली आणि बसवली. काम चाललं होतं तोवर ताई गॅरेजमध्ये स्टुलावर बसून राहिली. परतताना ती माझ्या शेजारी बसली, पदराचं लिंबू घरीच ठेवून.

पुढच्या सकाळी आम्ही निघालो. रस्ता आता चौपदरी आहे, ट्रक विमानासारखे जातात. मी चाळीसच्या वर गेले नाही. मागून तारेचा बारीक खरखर आवाज येत होता, कोणी पाटीवर पेन्सिल ओढावी तसा. ताई डोळे मिटून बसली होती. लखनादौनच्या पुढे मोकळा पट्टा लागला, आणि नकळत माझा पाय दाबला गेला. आवाज बंद झाला.

"उठली," डोळे न उघडता ताई म्हणाली.

मी वेग कमी केला. वीस वर्षं हा आवाज तिच्या कानात होता.

शिवनीत आम्ही मूगडाळीची गरम भजी, म्हणजे मंगोडे, घेतले. ताईनं दोन खाल्ले आणि साखर जास्त घालून चहा घेतला. तिचा चेहरा इतका मोकळा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. पुढे कुरईचा घाट. साग पानं गाळत होता, माकडं कठड्यावर रांगेनं बसली होती. मी जपून चालवत होते, पण वळणावर समोरून ट्रक आला की ब्रेक दाबायचे, पुन्हा गिअर, पुन्हा ब्रेक. तिसऱ्या-चौथ्या वळणावर ताईनं हात उचलला. मी कडेला घेईपर्यंत तिला मोठी उलटी झाली.

मी पाणी दिलं. तिनं तोंड धुतलं, पदरानं पुसलं. मग गाडीच्या मागे गेली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकली. तार जागेवर होती. जमिनीला टेकलेली, नवी, तांबूस. ताईनं ती दोन बोटांत धरून पाहिली. बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"ठीक आहे तार," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे तारेचं काम नव्हतं ते." ती उठली. घाटाच्या चढाकडे, आम्ही आलो त्या रस्त्याकडे पाहू लागली. "ते वळणावर पाय कसा उचलायचे, तुला नाही जमणार. मला पण कळत नव्हतं की वळण आलं."

माकडं आमच्याकडे बघत होती. ताई रडली, पण फार नाही. मग दार उघडून आत बसली.

"चल बेबी. आता कशीही चालव."

तरी मी चाळीसनंच चालवली. नागपुरात पोचायला संध्याकाळ झाली. मीनल फाटकात उभी होती, पोटावर हात ठेवून. तिच्या नवऱ्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागे काय लोंबतंय म्हणून विचारलं. ताईनं त्याला बसवून सगळं सांगितलं, पत्र्यापासून. मीनल ऐकत राहिली. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी मी पुण्याच्या गाडीत बसले. खिडकीतून कापसाची रानं मागे पडत होती. माझ्याही आयुष्यातल्या पुष्कळ गोष्टी आपोआप बऱ्या झाल्या, असं मी धरून चालले आहे. लहानपणीचा खोकला हवा बदलून गेला. अंधाराची भीती तर अशी होती की दिवा मालवला की मी ओरडायचे, आणि एका वर्षी ती गेली, वय वाढलं म्हणून. हवा, पाणी, वय. या तिघांचे आपण फार आभार मानतो. त्यांच्यामागे कोण उभं होतं हे ज्यांना विचारावं, त्यातलं बहुतेक कोणी आता नाही.

घरी पोचल्यावर पिशवी उघडण्याआधी मी ताईला फोन लावला. विचारलं, माझी अंधाराची भीती कशी गेली गं?

"गेली कुठे? तू झोपेपर्यंत मी दाराशी बसून राहत होती. माझं लग्न होईपर्यंत."

मी म्हटलं, कधी सांगितलं नाहीस.

"तू काहून विचारलं नाही?" ताई म्हणाली.